सायडरचा पहिला नंबर

सोतोव्हेल,
१९ जुलै

ती. लाउदेलिनाताईस,

धाकट्या सेनेनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं अजून खालीच आहे. वर करून बघायची हिंमत का नाही, ते पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला तिकडे बेल्जियममध्ये, लिएजच्या थंडीत वाढला होता, तो आता उन्हाळ्यात तरी कमी झाला का? खाणीत जेवढी वर्षं काढली तेवढीच वर्षं ती धूळ छातीतून निघायला लागतात म्हणे, म्हणजे भाऊजी अजून नऊ वर्षांनी ठणठणीत होणार, काळजी करू नका. इकडे माझी तब्येत उत्तम आहे. भूक लागते, झोप तेवढी येत नाही. गाय व्यायली, कालवड झाली. बटाटे बरे आलेत. एवढ्यावरच सही करून पाकीट चिकटवावं असं फार वाटतंय, पण जे कळवायचं ते अजून सुरूच झालं नाही.

ताई, तुझा भाऊ स्पेनच्या टपालखात्यात चौतीस वर्षं होता. या दरीतल्या एकाही माणसाचं पाकीट मी कधी फोडलं नाही, उजेडासमोर धरून पाहिलं नाही, एवढंच काय, पोस्टकार्डसुद्धा उलटं धरून नेत असे. त्यामुळे लोक बाहेरगावी जाताना घराच्या किल्ल्या माझ्याकडे देतात. पाद्रीबाबा स्वतः म्हणाले होते, "किल्ली सेनेनकडे दिली म्हणजे माझ्याकडे दिल्यापेक्षा बरी, मी तरी विसरतो." माझ्याकडे जमीन नाही, पैसा नाही, बायको होती ती देवानं नेली. गावात माझी जी काही होती ती एवढीच एक इस्टेट होती. होती.

गेल्या ऑगस्टमध्ये तू आली होतीस तेव्हा बाबांच्या बागेत उभं राहून तू म्हणालीस, "सगळी सफरचंदं फॅक्टरीला घालतोस होय रे? मरण्याआधी एकदा या झाडांची सायडर प्यायला मिळाली असती तर..." आणि डोळे पुसलेस. (म्हणजे या साऱ्याचं मूळ तू आहेस, पण मी ते मनाला लावून घेतलेलं नाही.) नुकताच निवृत्त झालो होतो. दिवसभर फाटकाशी उभा राहून नवा पोस्टमन किती चुका करतो ते मोजत होतो. म्हटलं, बाबा करायचे, आजोबा करायचे, आपल्यालाच काय धाड भरली आहे? सफरचंदाचा रस काढायचा, पिंपात भरायचा, आणि वाट बघायची. यात वाट बघण्याचा भाग मला अगदीच सोपा वाटला होता, हे इथेच नमूद करतो.

ऑक्टोबरात झाडं हलवली. आंबट किती, गोड किती, कडवट किती, हे बाबा नाकानं ठरवायचे आणि नाक ते बरोबर घेऊन गेले. मी बादल्यांनी ठरवलं. लाकडी मोगऱ्यांनी सफरचंदं ठेचायला दोन दिवस लागले, त्यात गांधीलमाश्यांना बातमी लागली. एक डाव्या कानामागे चावली, दुसरी कुठे चावली ते मोठ्या बहिणीला लिहिता येत नाही. रस दाबून काढायच्या लाकडी यंत्राचा स्क्रू गंजला होता, त्याला मी शिलाई मशीनचं तेल घातलं. बाबांचं पिंप एकोणीस वर्षं कोरडं पडलं होतं, त्याच्या फळ्या इतक्या आक्रसल्या होत्या की पाणी वरून ओतलं ते पिंपाला न सांगताच निघून गेलं. तेव्हा कुंपणापलीकडून ओल्विदो आली. (तुझीच मैत्रीण, तुझ्याच बाकावर बसायची. नावाचा अर्थ विसर, आणि १९३९ साली मी तिच्या बाहुलीचा पाय मोडला होता तो तिला परवापर्यंत आठवत होता.) तिनं पिंपात उकळतं पाणी फिरवलं, गंधकाची वात जाळली, फळ्या फुगवून दिल्या, आणि जाताना एकच सांगितलं, "आता बूच काढायचं नाही. तिला एकटी राहू दे. सारखं सारखं डोकावलास तर बिघडेल."

मी डोकावलो. ताई, तू कधी पिंपाला कान लावला आहेस का? आत बारीक बारीक आवाज येतो, म्हातारी माणसं देवळात पुटपुटतात तसा. एकट्या माणसाच्या घरात असा आवाज सुरू झाला की त्याचं काय होतं हे मला माहीत नव्हतं. मी सकाळी बूच काढून वास घ्यायचो, संध्याकाळी बूच काढून चव घ्यायचो, रविवारी बूच काढून नुसताच बोलत बसायचो. आणि तिथून उठून बेलार्मिनोच्या बारमध्ये जायचो. बेलार्मिनोला तू ओळखतेसच, चौथीत तीन वर्षं बसला आणि आता जत्रेतल्या सायडर स्पर्धेचा प्रमुख आहे. त्याच्या बारमध्ये मी अख्खा हिवाळा सांगत होतो की बाबांची, आर्सेनियोची सायडर परत येते आहे, घसे तयार ठेवा. कुणी विचारलं नाही तरी सांगत होतो.

मार्चमध्ये पहिला पूर्ण घोट घेतला. जीभ उठून टाळूच्या मागे लपायला गेली. सायडर नव्हती ती, व्हिनेगार होतं. आणि व्हिनेगार म्हणूनही गुणाचं नव्हतं, त्याला शिलाई मशीनचा वास येत होता. गाईपुढे ठेवलं, तर तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मला दूध देत असल्याचा तिला पश्चात्ताप होतो आहे हे स्वच्छ कळलं. तरी मी ते बाटल्यांत भरलं. म्हटलं, बाटलीत गेल्यावर सुधारेल. (मुलगा लग्नानंतर सुधारेल अशी आशा आईबाप करतात, त्यातला प्रकार.)

तेव्हाच बारमध्ये जाऊन सांगायला हवं होतं की बाबांनो, फसलं. चार दिवस हसले असते आणि विसरले असते. पण बेलार्मिनोनं फळ्यावर खडूनं आधीच लिहिलं होतं : "सेनेन, कै. आर्सेनियो यांचा मुलगा, वडिलांच्या बागेतली." माझं नाव मी पुसलं असतं. बाबांचं पुसायला हात धजेना. सान पेद्रोची जत्रा जूनच्या अखेरीस. तोवर काहीतरी होईल असं वाटत होतं, आणि झालं.

जूनच्या विसाव्या तारखेला ओल्विदोच्या मुलीला ओव्हिएदोत मुलगी झाली. ओल्विदो घाईघाईनं बसला निघाली, आणि किल्ली कुणाच्या हातात दिली असेल? "कोंबड्यांना दाणा घाल, टोमॅटोला पाणी घाल, तळघराचं दार उघडंच आहे, तिकडे काही बघायचं नाही." चौथ्या दिवशी मी तळघरात गेलो. भर सकाळी, टोपी काढून. भिंतीशी तिच्या बाटल्या आडव्या रचलेल्या होत्या, धूळसुद्धा सारखी बसलेली. मी सहा उचलल्या. कुठे घातल्या विचारशील तर टपालाच्या माझ्या जुन्या कातडी पिशवीत. त्या पिशवीतून मी चौतीस वर्षं लोकांच्या वस्तू त्यांच्या घरी नेल्या. कुणाची वस्तू तिच्या घरातून बाहेर नेली ती त्या दिवशी पहिल्यांदा. पट्टा खांद्याला इतका काचला, की सहा बाटल्यांचं एवढं वजन असतं यावर माझा आजही विश्वास नाही.

माझी बाजू मांडत नाही, पण एक गोष्ट खरीच मला ठाऊक नव्हती. तिचा नवरा सेल्मो अकरा वर्षं स्पर्धेत उतरायचा, सातदा त्याला कप मिळाला. तो गेल्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षं त्या घरातून कुणी उतरलं नव्हतं, यंदाही कुणी उतरणार नाही असं मी धरून चाललो होतो. जत्रेच्या दिवशी मैदानावर गेलो आणि फळ्यावर शेवटचं नाव वाचलं : ओल्विदो. आदल्या संध्याकाळी बसमधून उतरली ती थेट बेलार्मिनोकडे जाऊन नाव देऊन आली होती. माझं नाव मागे घ्यावं म्हटलं. पण तोवर बाटल्यांवर नंबर चिकटले होते. माझा चार, तिचा नऊ.

परीक्षक बाहेरून आणला होता, डॉन फाउस्तो म्हणून, मिशांना मेण लावलेला. त्यानं नऊ जणांच्या सायडरी हुंगल्या, हात उंच करून ग्लासात ओतल्या, फेस बघितला, गुळण्या केल्या. पहिला नंबर, चार. दुसरा नंबर, नऊ. नावं कळल्यावर तो भोंग्यावरून म्हणाला, "चार नंबरात जुन्या पुरुषी हाताची जरब आहे. नऊ नंबर नीटनेटकी आहे, गोड आहे, बाईचा हात लगेच कळतो. पण जरा भित्री आहे." ताई, एकाच पिंपातली सायडर! शेजारीशेजारी झोपलेल्या बाटल्या! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण हातांना दुसरं काय करावं कळेना.

रिवाजाप्रमाणे पहिल्यानं दुसऱ्याला ओतून द्यायची. मी हात डोक्यावर नेला, अर्धी सायडर माझ्या बुटावर आणि घोटभर ग्लासात. ओल्विदोनं ती प्यायली. गिळायला जरा वेळ लावला. तळाचा थेंब रीतीप्रमाणे जमिनीवर टाकला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वा सेनेन! अगदी आर्सेनियोकाकांची आठवण झाली." आणि हसली. ते हसू मी अजून अंगावर घेऊन हिंडतो आहे.

पुढचे दहा दिवस तिनं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त रोज बारमध्ये यायची (एरवी वर्षातून दोनदा येते) आणि भरल्या बारमध्ये म्हणायची, "सेनेन, मला शिकव की रे. आमची मेली भित्री होते." बेलार्मिनो लगेच काउंटरवर कोपर टेकायचा, "सांग सांग, गुपित काय तुझं?" आणि ताई, मी काय सांगितलं माहीत आहे? मी म्हणालो, "धीर धरावा लागतो." मी म्हणालो! मी!

अकराव्या दिवशी धीर संपला. कप कागदात गुंडाळून तिच्या दारात गेलो. ती पायरीवर बसून शेंगा सोलत होती. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. किल्ली, तळघर, पिशवी. तिनं शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"झालं सांगून?"

"झालं."

"माझी सायडर मला कळत नाही असं वाटलं होय तुला? पहिल्या घोटाला कळलं."

"मग तिथल्या तिथे बोलली का नाहीस?"

"तू बोलतोस का ते बघत होते. अकरा दिवस लावलेस." मग पुढची शेंग उचलून म्हणाली, "सेल्मोनं कधी पिंपाला हातसुद्धा लावला नाही, सेनेन. तुला पत्रं वाटताना दिसायचं नाही का, तळघरात कोण असायचं? सात कप घरी आले, सातही वेळा त्याच्या पाठीवर थापा पडल्या, आणि मी घरी त्या कपात फुलं ठेवायचे. यंदा पहिल्यांदा फळ्यावर माझं नाव लिहून घेतलं. बेलार्मिनो म्हणाला, नक्की तुझंच लिहू ना? मी म्हटलं, लिही. आणि पुन्हा माझीच सायडर एका बाप्याच्या नावावर गेली."

मी पायरीखाली उभा होतो, तिथेच जमीन दुभंगून मला घेईल तर बरं असं झालं. माफी मागितली. ती म्हणाली, माफीचं तिला लोणचं घालायचं नाही, आणि कपही नको. रविवारी प्रार्थना संपल्यावर सगळा गाव बारमध्ये येतो, तिथे सगळ्यांसमोर सांग. बस.

रविवारी सांगितलं. खुर्चीवर उभा राहून सांगितलं, कारण बसून सांगितलं असतं तर परत उठलो नसतो. "मी चोर आहे. ती सायडर ओल्विदोची होती. पहिला नंबर तिचा, दुसराही तिचा. माझी नासली." मग बेलार्मिनोनं माझ्याकडे बघितलं, ओल्विदोकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि काउंटरवर हात आपटून ओरडला, "अरे, सेनेन प्रेमात पडला!"

ताई, कुणाचा विश्वास बसला नाही. सेनेन आणि चोरी? चौतीस वर्षांत ज्यानं पोस्टकार्ड वाचलं नाही तो? विधवेचं मन राखायला आपला कप आपल्या हातानं उतरवून देतो, याला म्हणतात माणूस! मी शपथा घेतल्या तर म्हणाले, बघा, तिच्यासाठी खोटी शपथसुद्धा घेतो. पाद्रीबाबांनी खांद्यावर हात ठेवला. बायकांनी लग्नाचा महिना विचारला. बेलार्मिनोनं माझ्या नावानं सगळ्यांना एकेक ग्लास फुकट दिला, त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा. चोरी करून माझी अब्रू होती त्याच्यापेक्षा वाढली, आणि त्या बाईची सायडर होती तिथेच राहिली, दुसऱ्या नंबरावर, भित्री.

ओल्विदो उठून गेली. दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून फक्त एवढं ऐकू आलं, "तुला चोरी कबूल करायला पाठवलं होतं मेल्या, मागणी घालायला नाही!"

तर असं आहे. तुझ्या भावानं बाबांची सायडर केली, ती अशी. बाबांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे. त्यांना नव्हे, मला बघवत नाही म्हणून. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद दे, पण ते कुणाकडून आले ते सांगू नकोस.

तुझा लाजिरवाणा भाऊ,
सेनेन

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. तू बेलार्मिनोच्या नावे एक पत्र लिही, बारमध्ये मोठ्यानं वाचून दाखवण्यासाठी. त्यात लिही की माझा भाऊ लहानपणापासून असाच आहे, त्याला सायडर सोड, साधा चहा करता येत नाही, आणि तो चोर आहे. "चोर" हा शब्द दोनदा तरी घाल, आणि शेवटी पहिला नंबर ओल्विदोचा असं ठळक लिही. माझ्या शब्दावर कुणाचा विश्वास नाही, पण तुझ्यावर बसेल. तू जन्मात माझं कौतुक केलेलं नाहीस हे अख्ख्या गावाला माहीत आहे, त्यामुळे तुझी निंदा खरी वाटेल. कमी-जास्त लिहिलंस तरी मी राग धरणार नाही. बुधवारपर्यंत टाकलंस तर पुढच्या रविवारच्या आधी पोहोचेल.

ता. क. दुसरा. एक बारीकशी गोष्ट ओल्विदोलाही सांगितलेली नाही. सहा बाटल्या उचलल्यावर रचणीत भोक दिसत होतं, म्हणून त्या जागी मी माझ्या सहा ठेवल्या. नंतर काढून घेणार होतो, पण नंतर कधी आलंच नाही. गेल्या आठवड्यात तिचा पुतण्या ट्रक घेऊन बेल्जियमला निघाला, त्याच्याबरोबर तिनं तुझ्यासाठी दोन डझनांची पेटी पाठवली आहे. तेव्हा पाहुण्यांसमोर फोडू नकोस. आधी एकटीनं दाराआड चव बघ. शिलाई मशीनचा वास आला तर ती माझी. कोशिंबिरीत चालेल, थोडी घातली तर. ओल्विदोला यातलं काही कळवू नकोस, मी हात जोडतो.

ता. क. तिसरा. पत्र टेबलावर उघडं ठेवून गाईला पाणी दाखवायला गेलो होतो. मागून ओल्विदो चाळण परत द्यायला आली. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नसतं हा नियम टपालखात्यातल्या माणसांना असतो, ओल्विदो टपालखात्यात कधीच नव्हती. मी आलो तेव्हा ती शेवटच्या पानावर होती आणि चष्मा नाकावर होता. मी दारातच उभा राहिलो. तिनं सावकाश घडी घातली आणि म्हणाली, "तुझ्या सहा बाटल्या मला जत्रेच्या रात्रीच सापडल्या, बुचं वेगळी होती." साही, ताई, तुझ्या पेटीत तिनंच घातल्या आहेत, मुद्दाम, सगळ्यात वर. आर्सेनियोकाकांच्या बागेची प्यायची होती ना लाउदेलिनाला, पिऊ दे म्हणाली, आता पत्रही मनापासून लिहील. मग म्हणाली, बाकी सगळं खरं लिहिलं आहेस, एवढं खरं लिहिशील असं वाटलं नव्हतं. मला जरा बरं वाटतंय तोच दारातून वळून म्हणाली, "पण माझ्या कमी झाल्या त्या सहा नव्हत्या, सेनेन."

आठ होत्या, ताई. दोन मी तिथेच प्यायलो.